भुईपासून फरशीपर्यंत

सहावीच्या वर्गात आम्ही एकदा एक साधा प्रश्न विचारला होता : ‘तुमच्या घरातली जमीन कशाची आहे?’ भूगोलाचा तास होता, खडकांचे प्रकार चालले होते आणि मुलांना शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक हे सांगायचे होते. उत्तरे भराभर आली. शेणाची, कोब्याची, शहाबादी, मोझॅक, ‘चकचकीत टाइल्स’. एक मुलगी म्हणाली, ‘पुढच्या खोलीत फरशी, मागे भुई.’ आम्ही फळ्यावर तक्ता करायला घेतला आणि पाचेक मिनिटांत लक्षात आले की आपण खडकांचा तक्ता करत नसून गावातल्या घरांची ऐपत मांडत आहोत. तो तक्ता आम्ही अर्धवटच पुसला. हा उपक्रम करून पाहणाऱ्या शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पायाखालच्या जमिनीला इतिहास असतो, हे मात्र त्या दिवशी मनात राहिले. देशाच्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५७ टक्के घरांची जमीन मातीची नोंदली गेली. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे साडेसेहेचाळीस टक्क्यांवर आले. मोझॅक किंवा टाइल्सची जमीन असलेली घरे याच दहा वर्षांत सुमारे ७ टक्क्यांवरून ११ टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे या देशातली कितीतरी रांगती मुले या शतकाच्या सुरुवातीलाही मातीवरच रांगत होती. माती आणि फरशी यांत आरोग्याच्या दृष्टीने फरक काय, हा प्रश्न त्यामुळे घरसजावटीचा राहत नाही.

आधी भुईला न्याय देऊ. चांगली भुई करणे हे कौशल्याचे काम आहे. मुरूम पसरायचा, पाणी मारायचे, धुम्मस किंवा चोपण्याने चोपून घट्ट करायचे, वरून गाळीव मातीचा थर द्यायचा आणि मग शेणाने सारवायचे. शेणातले न पचलेले गवताचे बारीक धागे मातीला धरून ठेवतात, त्यामुळे वाळताना भेगा कमी पडतात आणि धूळ दबते. उन्हाळ्यात अशी भुई पायांना सुखद लागते. खर्च जवळपास शून्य. पण हा ‘शून्य’ कोणाच्या खात्यावर? दर आठवड्याला, सणावाराला, पावसाळ्यात तर त्याहूनही वरचेवर, पोतेरे हातात घेऊन गुडघ्यांवर बसणारी घरातली बाई किंवा मुलगी या हिशोबात धरली जात नव्हती. शिवाय गुरांच्या आतड्यात आणि म्हणून शेणात धनुर्वाताच्या जंतूंची बीजुके असू शकतात. पूर्वी बाळंतिणीची खोली शेणाने सारवून ‘शुद्ध’ केली जाई. नवजात बाळाच्या ताज्या नाळेला त्या जमिनीचा किंवा त्या हातांचा स्पर्श होणे किती धोक्याचे होते, हे आज आपल्याला समजते.

जमिनीवर रोगाचा संशय आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर घेतला गेला तो १८९६ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे रोगी सापडले. डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी निदान केले आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मी मुंबई गाव सोडून पळाली. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा हे माहीत नव्हते. बऱ्याच अधिकाऱ्यांचा कल असा होता की विष घरात, विशेषतः घराच्या जमिनीत मुरलेले असते. मग पथके घरात शिरू लागली. कौले काढून ऊन आत सोडायचे, भिंतींना चुना फासायचा, जंतुनाशकांचे पाणी ओतायचे आणि मातीची जमीन खणून काढायची. पुण्यात १८९७ मध्ये याच तपासण्यांच्या रीतीतून केवढा असंतोष उसळला आणि त्याची परिणती रँडच्या खुनात कशी झाली, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण शिकवतोच. त्या पथकांच्या डोक्यातली शास्त्रीय कल्पना कोणती होती, हे मात्र आपण सहसा शिकवत नाही.

ती कल्पना तपासून पाहिली गेली तीही मुंबईतच, परळला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून उंदरांवरच्या पिसवा प्लेग पसरवतात असे दाखवले होते, पण त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून प्लेगच्या अभ्यासासाठी नेमलेल्या शास्त्रज्ञांनी परळच्या प्रयोगशाळेच्या आवारात (हीच पुढे हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली) सहा लहान खोल्या बांधल्या. दोन खोल्यांवर देशी कौले, ज्यांत उंदीर आरामात राहतात. दोन खोल्यांवर मंगलोरी कौले, आणि दोन खोल्यांवर पन्हळी पत्रा. छपराखाली जाळी, म्हणजे उंदीर खाली येणार नाही पण त्याच्या अंगावरची पिसू खाली पडू शकेल. आणि जमिनीवर मोकळे सोडलेले गिनीपिग.

या प्रयोगांची मांडणी विज्ञानाच्या शिक्षकाने मुद्दाम वर्गात सांगावी अशी आहे. प्लेग झालेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले, पण पिसवा नसतील तर रोग पसरला नाही. पिसवा सोडल्या की पसरला. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, दुसरा दोन फुटांवर. दोन इंचांवरचा गिनीपिग प्लेगने मेला, दोन फुटांवरचा वाचला, कारण पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. एका पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरला. पिसवा कागदाला चिकटल्या आणि प्राणी वाचला. हवेतून किंवा जमिनीतल्या ‘वाफेतून’ रोग येत असता तर चिकट कागदाने काय फरक पडला असता?

आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग पुढे आहे. त्यांनी शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि चुनेगच्चीच्या जमिनीवर प्लेगच्या जंतूंचे भरपूर दाट मिश्रण मुद्दाम ओतले आणि किती वेळ ती जमीन रोग देऊ शकते हे पाहिले. चुनेगच्चीची जमीन २४ तासांत निर्धोक झाली. शेणाची ४८ तासांनंतर. फक्त दोन दिवस! म्हणजे ज्या भुया खणून काढल्या, त्यांच्या मातीत प्लेगचे विष महिनोन्‌महिने दडून बसलेले नव्हते.

मग भुई निर्दोष ठरली का? पूर्ण नाही. उंदीर बिळे करतो ती मातीच्या जमिनीत. दगडाच्या फरशीत त्याला ते साधत नाही. पिसवेच्या अळ्या वाढतात त्या जमिनीच्या भेगांतल्या धुळीत आणि केरात. म्हणजे जमिनीचा रोगाशी संबंध होता, पण वाटला होता तो नव्हता. विष मातीत नव्हते, आसरा मातीत होता. खणण्याची शिक्षा ज्या घरांना झाली त्यांना हा फरक दहा वर्षे उशिरा कळला, किंबहुना त्यांतल्या अनेकांना तो कोणी सांगितलाही नसेल.

दुसरा धागा कैरोचा आहे. आर्थर लूस हा जर्मन शास्त्रज्ञ तेथे अंकुशकृमींचा अभ्यास करत होता. आतड्याला चिकटून रक्त पिणारा हा बारीक जंत इटलीत दुबिनीने १८३८ मध्ये पाहिला होता. गॉटहार्ड बोगद्याच्या मजुरांना ग्रासणाऱ्या पंडुरोगाचे मूळ या जंतात आहे हे १८८० मध्ये लक्षात आले होते. जंत तोंडावाटे पोटात जातो असे सर्वांनी गृहीत धरले होते. १८९८ च्या सुमारास लूस गिनीपिगना अळ्या असलेले पाणी पाजत असताना एक थेंब त्याच्या हातावर सांडला. त्या जागी आग झाली, खाज सुटली, लाली आली. थेंब पुसून टाकण्याऐवजी तो विचारात पडला. काही आठवड्यांनी स्वतःच्या विष्ठेची तपासणी केली तर तीत जंताची अंडी होती! अळ्या थेट कातडीतून शिरल्या होत्या. अनवाणी पाय हाच त्यांचा दरवाजा. लूसचे म्हणणे सर्वांनी मान्य करायला आणखी काही वर्षे गेली.

येथे एक खुलासा हवा. अंकुशकृमीची लागण मुख्यतः जेथे उघड्यावर शौच होते अशा ओलसर जमिनीवर होते, नीट राखलेल्या घराच्या मधल्या खोलीत नव्हे. पण पायांना लागून, जनावरांबरोबर, पावसाच्या पाण्याबरोबर बाहेरची माती घरात येतेच. मोठ्या गोल जंताची अंडी तर ओलसर मातीत वर्षानुवर्षे तग धरू शकतात. मातीच्या जमिनीवर ही बाहेरची माती आणि घरची माती वेगळी करता येत नाही. तुम्ही झाडू शकता, धुऊ शकत नाही. पाणी ओतले तर चिखल होतो. गुळगुळीत, पाणी न पिणाऱ्या जमिनीचा खरा गुण हा आहे : ती धुता येते, आणि धुतल्यावर वाळते.

अशी जमीन मिळवायचे मार्ग तसे जुनेच. दगडाचा मार्ग आपल्या सर्वांच्या ओळखीचा. ‘फरशी’ हा शब्द अरबी-फारसी ‘फर्श’वरून आला, त्याचा अर्थच अंथरलेले. भीमेच्या खोऱ्यातला थराथरांचा चुनखडक छिन्नीने पापुद्र्यांसारखा सुटतो. १८७१ मध्ये मुंबईची रेल्वे रायचूरपर्यंत पोहोचली आणि वाटेवरच्या शहाबादचे नाव त्या दगडाला कायमचे चिकटले. स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडप्पा आणि जिन्याचा हिरवट कोटा हेही चुनखडकच. भाजावे लागत नाहीत, रंगवावे लागत नाहीत.

मातीच्या टाइलचा मार्ग इंग्लंडमधून आला. मध्ययुगीन चर्चांत दोन रंगांच्या मातीच्या नक्षीदार टाइल्स असत आणि ती कला नंतर मागे पडली होती. १८३० मध्ये सॅम्युअल राइट याने ती पुन्हा जमवून पेटंट घेतले आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनने त्यात भाग घेतला. ओल्या मातीच्या तुकड्यावर नक्षीचा खोलगट ठसा उठवायचा, त्यात दुसऱ्या रंगाची पातळ माती ओतायची, वरचे खरवडून सपाट करायचे आणि भाजायचे. नक्षी वर रंगवलेली नसून आत भरलेली असल्याने ती सहज झिजून जात नाही. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसरने जवळजवळ कोरड्या मातीची भुकटी प्रचंड दाबाखाली आवळण्याची रीत शोधली. ओली माती वाळताना वेडीवाकडी आक्रसते, कोरडी भुकटी फार कमी. आजच्या चकचकीत टाइल्सही याच तत्त्वावर बनतात. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुलांना नेलेत तर जिराफाएवढ्या उंच खांबांकडे पाहण्याआधी खाली पाहायला सांगा. १८७२ मध्ये उघडलेल्या या इमारतीची जमीन मिंटन टाइल्सची आहे.

पण या टाइल्स बोटीने यायच्या आणि त्यांची किंमतही तशीच असायची. तिसरा मार्ग निघाला तो सिमेंटचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्स आणि कॅटलोनिया या भागांत न भाजता टाइल करण्याची रीत रुजली. लोखंडी साच्यात पितळी पट्ट्यांची नक्षीदार जाळी ठेवायची. प्रत्येक कप्प्यात पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचे दाट मिश्रण ओतायचे. जाळी अलगद उचलायची. वर कोरडे सिमेंट आणि वाळू पसरायची आणि दाबयंत्राखाली आवळायचे. कोरडा थर ओल्या थरातले पाणी शोषून घेतो आणि दोन्ही एकजीव होतात. मग टाइल पाण्यात ठेवायची. अनेकांना वाटते सिमेंट वाळून घट्ट होते. ते वाळून नव्हे, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते, म्हणून ते काही दिवस ओले ठेवावे लागते. भट्टी नाही.

ही रीत स्वदेशीच्या चळवळीला फारच सोयीची होती. माती भाजणाऱ्या मोठ्या कारखान्याचे भांडवल नको, साचे आणि दाबयंत्र पुरे. १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी स्थापन केली. उरणला त्यांचा कारखाना उभा राहिला. विलायती टाइलच्या तोडीची देशी टाइल करून दाखवणे हा त्यामागचा उघड हेतू होता. खादीच्या इतिहासात चरख्याला जागा मिळते. पायाखालच्या स्वदेशीला क्वचितच मिळते. तिकडे तामिळनाडूच्या चेट्टिनाड भागात आतंगुडीच्या कारागिरांनी दाबयंत्रही बाजूला ठेवले. ते काचेच्या तावदानावर साचा ठेवून रंगीत मिश्रण ओततात, वर वाळू-सिमेंटचे थर देतात. काचेचा गुळगुळीतपणा टाइलच्या अंगावर उतरतो, पॉलिशची गरज पडत नाही.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग येथेच सांगून टाकतो. बांधकामाच्या ठिकाणाहून शहाबादी, मोझॅक, भाजलेली टाइल आणि विटेचा तुकडा मिळवा. प्रत्येकावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचे थेंब टाका आणि भिंगातून पाहा. शहाबादीवर आणि मोझॅकवर बारीक बुडबुडे येतील, भाजलेल्या टाइलवर येणार नाहीत. चुनखडक, संगमरवर आणि सिमेंट यांना आम्ल खाते. चिंचेच्या कोळाचा डाग ओट्यावर का राहतो आणि न्हाणीघरात ॲसिड ओतले की मोझॅक खडबडीत का होते, हे मुलांना आपोआप कळते. दुसरा प्रयोग : तेच तुकडे उन्हात कोरडे करून वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. वीट किती पाणी पिते आणि टाइल किती, हे टक्क्यांत काढा. भिंतीवर लावायची मातीची टाइल दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ शकते. ‘व्हिट्रिफाइड’ म्हणवणारी अर्ध्या टक्क्याहून कमी. उच्च तापमानाला मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि छिद्रे बुजवतात, इतकेच त्यामागचे गुपित. पाणी न पिणाऱ्या पृष्ठभागात बुरशीला आणि जंतूंना मुक्काम मिळत नाही. मात्र सांध्यांत मिळतो, हे टाइल विकणारे फारसे सांगत नाहीत. ओल्या चकचकीत टाइलवर म्हातारे माणूस घसरते, हेही सांगत नाहीत.

जमीन बदलल्याने खरोखर मुले निरोगी होतात का? हे तपासणे अवघड आहे, कारण ज्यांच्या घरी फरशी असते त्यांच्याकडे बहुधा चांगले पाणी, संडास आणि दोन वेळचे जेवणही असते. मग फरक कशामुळे पडला हे कसे ओळखणार? मेक्सिकोत ही संधी योगायोगाने मिळाली. कोआविला राज्याच्या सरकारने २००० साली मातीच्या जमिनी असलेल्या गरीब घरांत सिमेंटचा कोबा घालून देण्याची योजना काढली. त्या राज्यातले तोरेऑन शहर आणि शेजारच्या दुरांगो राज्यातली दोन शहरे मिळून खरे तर एकच वस्ती आहे. मधून फक्त राज्याची सीमा जाते. एका बाजूला योजना, दुसऱ्या बाजूला नाही. हवा, पाणी, रोजगार जवळपास सारखे. २००५ मध्ये संशोधकांनी दोन्ही बाजूंच्या सारख्या घरांची तुलना केली. पूर्ण घराची मातीची जमीन जाऊन सिमेंटची आली, तर सहा वर्षांखालच्या मुलांतले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि पंडुरोग ८१ टक्क्यांनी कमी होतो, असा त्यांचा अंदाज निघाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या बौद्धिक वाढीच्या चाचण्यांतही फरक दिसला आणि आयांचे मन हलके झाल्याचेही नोंदले गेले. ही शेवटची नोंद आम्हाला विशेष वाटते. सारवणाऱ्या हाताचा हिशोब कोणीतरी मांडला.

हे काम साध्या कोब्याने झाले, टाइलने नव्हे, हे विसरू नये. रवांडात तर काही घरांत चोपलेल्या मातीच्याच जमिनीवर सुकणाऱ्या वनस्पती-तेलाचा थर देऊन ती पाणी न पिणारी केली जाते. म्हणजे भुई, फक्त धुता येणारी. ज्याला परवडते त्याने टाइल घ्यावी. ती गालिचाप्रमाणे धुळीतल्या कीटकांना आसरा देत नाही, प्लॅस्टिकच्या काही अंथरणांप्रमाणे घरातल्या धुळीत रसायने सोडत नाही आणि नीट बसवली तर नातवंडांपर्यंत पुरते. भायखळ्याची जमीन दीडशे वर्षे ओलांडून गेली आहे. पर्यावरणाच्या हिशोबात हे आयुष्य फार मोठे आहे. भट्टीत जळलेले इंधन एकदाच जळते. ते किती वर्षांवर वाटले जाते, त्यावर टाइल महाग की स्वस्त हे ठरते. दर दहा वर्षांनी ‘जुनी दिसते’ म्हणून उखडली तर सर्वांत टिकाऊ टाइलही उधळपट्टीच.

आणि भट्टी लहान नाही. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात. टाइल भाजायला हजार-बाराशे अंश सेल्सिअस तापमान लागते. मोरबीचे अनेक कारखाने हे तापमान कोळशापासून केलेल्या वायूवर गाठत असत आणि त्यातून निघणारे डांबरी सांडपाणी आसपास सोडले जाई. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते वायुयंत्र बंद करण्याचा आदेश दिला आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. धुराचा प्रश्न त्यामुळे काहीसा सुटला, धुळीचा सुटला नाही. टाइलच्या मातीत गारेची, म्हणजे सिलिकाची बारीक पूड असते. ती वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली की फुप्फुसात गाठी होतात. या सिलिकोसिसवर औषध नाही. दाबयंत्राजवळ आणि भुकटीच्या खात्यात काम करणाऱ्या मजुरांना तो होतो, आणि घरी टाइल कापणाऱ्या गवंड्यालाही होऊ शकतो. पात्यावर पाण्याची धार धरली की धूळ बरीचशी जागीच बसते. आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी फरशी बदलली तेव्हा व्हरांड्यात पांढरे ढग उठत होते. नळ दहा पावलांवर होता. तो सोडायला सांगण्याचे आम्हाला तिसऱ्या दिवशी सुचले.